हारातील नऊ मुखे
नील गेमन यांनी २०१७ मध्ये नव्याने सांगितलेल्या नॉर्स देवकथांत रमलेल्या नातवंडांना ‘मूळ कथा वाचा’ असे बजावणाऱ्या ज्येष्ठांनी ‘पउमचरिय’ आठवावे. विमलसूरींनी महाराष्ट्री प्राकृतात रामकथाच नव्याने सांगितली. त्यांचा रावण राक्षस नव्हे, विद्याधर राजा. बालपणी गळ्यातील रत्नहारात मुखाची नऊ प्रतिबिंबे उमटली, म्हणून दशमुख! त्याचा वधही लक्ष्मणाच्या हातून होतो. पंचवटीच्या सान्निध्यात राहून हे वाचताना, मूळ दस्तऐवजाखेरीज कशावरही विश्वास न ठेवणारा माझ्यासारखा निवृत्त बँक अधिकारीही सुखावतो. महाभारतातील ययाती खांडेकरांच्या १९५९ च्या कादंबरीत भेटतो आणि आपल्या नाशिकच्या शिरवाडकरांच्या १९६६ च्या नाटकातही. दोन्ही पुस्तके घरात आणावीत. शर्मिष्ठा कोणाची अधिक भावली, हे नातवंडांनाच विचारावे.