चौदा फेब्रुवारीचा गुलाब आणि दादरचा बाजार

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे चार वाजता उतरलात, तर बाजार दिसायच्या आधी त्याचा वास येतो. मीनाताई ठाकरे फूलमंडई आणि तिच्या बाहेर सेनापती बापट मार्गावर पसरलेला फूलबाजार त्या वेळी भर रंगात असतो. आपल्या सातारा जिल्ह्यातला झेंडू, शेवंती, गुलछडी इथे बाराही महिने जाते. वसई-पालघरकडच्या बाया-माणसे पहिल्या लोकलने चाफा, मोगरा घेऊन येतात. हे सगळे देवाचे, लग्नाचे आणि गजऱ्याचे गिऱ्हाईक. मात्र फेब्रुवारीच्या १० तारखेपासून बाजाराचा नूर पालटतो. लांब दांडीचा लाल डच गुलाब पुढे येतो आणि वीस फुलांच्या गड्डीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट भाव बोलला जातो. १४ ला दुपारनंतर तोच गुलाब कोणी विचारीत नाही.

मागे एकदा आपल्याकडच्या पाच-सहा हरितगृहधारकांबरोबर मी १२ फेब्रुवारीच्या रात्री या बाजारात गेलो होतो. अडत्याच्या गाळ्यासमोर चहा पिताना त्यातले एक वयस्क शेतकरी मला म्हणाले, "साहेब, हा व्हॅलेंटाइन कोण हो? आमच्या मालाचा भाव ठरवतो, आन् आम्हाला त्याचं गावबी माहीत नाही." त्या वेळी मला धड सांगता आले नाही. ज्या पिकावर आपण कर्ज काढतो त्याचे गिऱ्हाईक कोण, हे आपल्याला ठाऊक असावे, म्हणून घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढले.

व्हॅलेंटाइन हा रोमचा ख्रिस्ती धर्मगुरू. तिसऱ्या शतकात, सम्राट दुसरा क्लॉडियस याच्या काळात त्याचा शिरच्छेद झाला अशी परंपरा सांगते. सैनिकांना लग्नाची बंदी होती आणि हा चोरून त्यांची लग्ने लावी, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. पण ती फार नंतरची आहे, त्या काळचा लेखी आधार तिला नाही. व्हॅलेंटाइन नावाचे संतही एकाहून अधिक होऊन गेले. रोममध्ये फेब्रुवारीच्या मध्याला लुपरकेलिया नावाचा जुना उत्सव होता. पाचव्या शतकाच्या अखेरीस पोप गेलॅशियसने त्यावर टीका केली, म्हणून त्याच्या जागी हा दिवस आला असे म्हणण्याची पद्धत आहे. अभ्यासक मात्र हा सांधा पक्का मानीत नाहीत.

प्रेमाशी या दिवसाचे नाते जुळले ते चौदाव्या शतकात, आणि तेही पाखरांमुळे! चॉसर या इंग्रज कवीने एक काव्य लिहिले. त्यात व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळे पक्षी सभा भरवून आपापला जोडीदार निवडतात. त्या काळचे पंचांग आजच्यापेक्षा आठ-नऊ दिवस मागे होते, म्हणजे त्यांची १४ तारीख आपल्या २२-२३ फेब्रुवारीला पडे. थंडी सरत आलेली, पाखरे जोडीने दिसू लागलेली. शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. ही मुळात ऋतू पालटण्याची खूण होती. पुढे १८४० मध्ये इंग्लंडमध्ये एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि चिठ्ठ्यांची जागा छापील कार्डांनी घेतली. सण कवीने सुरू केला आणि पोस्टाने वाढवला, असे म्हटले तर चुकणार नाही. खुद्द रोमच्या चर्चने १९६९ मध्ये व्हॅलेंटाइनचे नाव आपल्या सर्वसाधारण दिनदर्शिकेतून काढले. १४ फेब्रुवारीला तिथे आता सिरिल आणि मेथोडियस या संतांचे स्मरण असते. म्हणजे ज्याला आपण ख्रिस्त्यांचा सण म्हणून बोटे मोडतो, तो त्यांच्या पंचांगात सण म्हणून उरलेला नाही.

आपल्या कामाची खरी गोष्ट पुढे आहे. लाल गुलाब हे रोमन लोकांच्या प्रेमदेवतेचे, व्हीनसचे फूल. पण फेब्रुवारीत युरोपात उघड्यावर गुलाब फुलत नाही, तिकडे तेव्हा बर्फ असते. मागणी तर ऐन थंडीत येते. म्हणून तिकडचे व्यापारी केनिया, इथिओपिया, इक्वेडोर, कोलंबिया अशा देशांकडे वळले, आणि त्याच वाटेने ते आपल्या मावळात, तळेगाव-पवनानगरकडे आले. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या थंड रात्री आणि स्वच्छ ऊन यांमुळे दांडी लांब आणि कळी टपोरी मिळते. त्यांच्या सणाची तारीख आपल्या हंगामाशी जुळली, हा निव्वळ योगायोग. निर्यातीचा माल जानेवारीच्या अखेरीपासून साधारण १० फेब्रुवारीपर्यंत जातो आणि नंतर सगळा जोर मुंबई, पुणे, दिल्लीकडे वळतो. दादरला १० तारखेनंतर भाव का हलतो, हे त्यावरून कळेल.

गिरगाव, लालबाग आणि खोलीतला संसार

मुंबईत हा दिवस रुजला तो १९९१ नंतर, केबल टीव्ही आणि शुभेच्छापत्रांच्या दुकानांबरोबर. त्याआधी मुंबईत प्रेम नव्हते असे नाही, जागा नव्हती. आपल्यापैकी अनेकांचे चुलते-मामा लालबाग-परळच्या गिरण्यांत होते. दहा बाय बाराच्या खोलीत आठ-दहा माणसे, त्यात नवे लग्न झालेले जोडपे. या अडचणीवर १९७० मध्ये राजा ठाकूर यांनी 'मुंबईचा जावई' हा चित्रपट काढला. पुढे त्यावरून हिंदीत 'पिया का घर' निघाला. जोडप्याला दोन शब्द बोलायचे तर गिरगाव चौपाटी, दादरची चौपाटी, शिवाजी पार्कचा कट्टा नाहीतर राणीचा बाग. परत येताना नाक्यावरून एक गजरा. गुलाब नव्हे, गजरा! आजही दादरला वर्षभर चालते ते गजऱ्याचे फूल. गुलाबाचे चार दिवस येतात आणि जातात.

विरोधही दादरने पाहिला. शिवसेना भवन तिथलेच. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून पुढची काही वर्षे शिवसैनिकांनी कार्डे जाळली, दुकानांसमोर निदर्शने केली, कुठे तोडफोडही झाली. आज बाळासाहेबांच्याच पत्नीच्या नावाच्या मंडईत हा गुलाब विकला जातो. मी सरकारी नोकर, वादात पडत नाही. एवढेच म्हणतो की कार्ड जळते ते छापणाऱ्याचे, पण गुलाब पडून राहतो तो शेतकऱ्याचा. २०२३ मध्ये भारतीय पशुकल्याण मंडळाने १४ फेब्रुवारीला गाईला मिठी मारण्याचे आवाहन केले आणि चार दिवसांत, १० तारखेला, ते मागेही घेतले. आमच्या एका पोलीस पाटलांचे म्हणणे, "आमची खिलारी जवळ येऊ देईल तर ना!"

आपल्याकडचा वसंत

हे सगळे परक्यांचे, असे पारावर बसून म्हणणाऱ्यांनी थोडे मागे पाहावे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाथासप्तशती' ही आपल्याच मातीत, महाराष्ट्री प्राकृतात जमलेली. तिच्यात राजे-राण्या कमी आणि नांगर धरणारे, शेत राखणारे, त्यांच्या घरच्या बायका जास्त. प्रेम, रुसवा, विरह सगळा गावातला. संस्कृत नाटकांत वसंतातल्या मदनोत्सवाची वर्णने आहेत, सातव्या शतकातल्या हर्षाच्या 'रत्नावली'त तो रंग-गुलालासह येतो. माघ शुद्ध पंचमी, वसंत पंचमी, हा कामदेवाचाही दिवस मानतात. आणि त्याच दिवशी पंढरपुरात विठ्ठल-रुक्मिणीचा विवाह सोहळा होतो. रुक्मिणीचे लग्न कसे झाले? घरच्यांनी शिशुपाल ठरवला होता, तिने कृष्णाला पत्र लिहिले. भागवतात ते पत्र आहे. नाथ महाराजांनी सोळाव्या शतकात त्यावर 'रुक्मिणी स्वयंवर' रचले. लग्न जमत नसेल तर मुलींना ती पोथी वाचायला सांगतात, हे आपल्या घराघरात माहीत आहे.

२०२४ साली गंमत झाली. १४ फेब्रुवारीलाच वसंत पंचमी आली आणि ख्रिस्ती पंचांगातला राखेचा बुधवार, म्हणजे उपासाचे दिवस सुरू होण्याचा दिवस, तोही त्याच तारखेला. पंढरीत लग्न, चर्चमध्ये कपाळाला राख आणि शहरात गुलाब! फूल पिकवणाऱ्याने अशी पंचांगे शेजारी शेजारी टांगून ठेवावीत. पंढरपूरला फूल लागते, लग्नसराईला लागते, महाशिवरात्रीला लागते. ती मागणी एका दुपारी संपत नाही.

उलटी मोजणी

चौदा तारखेसाठी माल धरायचा तर मोजणी उलटी करावी. थंडीत कट घेतल्यापासून किंवा फांद्या वाकवल्यापासून फूल काढणीला यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात. दादरला १० ते १३ तारखेला माल उतरवायचा असेल तर डिसेंबरचा तिसरा-चौथा आठवडा. निर्यातीला आणखी दहा-बारा दिवस आधी. सगळ्या गाद्यांचा कट एकाच दिवशी घेऊ नये, तीन टप्प्यांत घ्यावा. जानेवारीत कडाक्याची थंडी पडली तर फूल लांबते, ढगाळ उबारा आला तर आधीच फुलते. पडदे वेळेवर उघडझाप केले तर दोन-तीन दिवस सावरता येतात, त्याहून जास्त नाही. रात्रीची थंडी आणि दिवसाचे ऊन यांच्या कचाट्यात भुरी येते, तिच्याकडे रोज पाहावे. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला असतो, वरून पाहून भागत नाही. कळीला जाळीची टोपी घातल्याने ती भरते. काढणी पहाटे, कळी घट्ट असताना करावी. दांडी कापल्याबरोबर पाण्याच्या बादलीत घालावी आणि २ ते ४ अंशांच्या शीतगृहात ठेवावी. लक्झरीच्या डिकीतून उघडी गड्डी पाठवणाऱ्याने पट्टी पाहून अडत्याला शिव्या देऊ नयेत.

वर ज्यांचा उल्लेख केला त्या शेतकऱ्यांनी एका वर्षी वीस गुंठ्यांतल्या सगळ्या गाद्यांचा कट एकाच दिवशी घेतला. जानेवारीत थंडी वाढली, फूल लांबले. माल १५ ला आणि १६ ला दादरला उतरला. त्या पट्टीतून भाडे आणि अडत वजा जाता हातात काय राहिले, ते त्यांनी मला कागदावर दाखवले. कर्जाचा एक हप्ताही निघत नव्हता. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर राज्यातल्या कित्येकांनी फुले तोडून बांधावर टाकली, ती आपण पाहिली आहेत. ग्रामसेवक, तलाठी, सोसायटीचे सचिव यांना माझी विनंती आहे की हरितगृहाचा प्रस्ताव पुढे पाठवताना अर्जदाराला एवढे जरूर विचारा, "१४ फेब्रुवारीच्या मागे-पुढे तुमचा माल कुठे जाणार?" उत्तर नसेल तर त्याला आधी दोन वर्षे गुलछडी करू द्या.

आणखी एक गोष्ट, जी शेतीच्या लेखात सहसा येत नाही. याच शेतकऱ्यांचा मुलगा बत्तीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला, हरितगृह तोच बघतो. त्याचे लग्न ठरत नाही. परतीच्या प्रवासात खंबाटकीचा घाट चढताना वडील म्हणाले, "ममईची पोरं आमच्या गुलाबावर लग्नं जमवत्यात, आन् आमच्याच पोराला पोरगी मिळंना." गाडीत कोणी बोलले नाही. एके काळी आपल्या तालुक्यातली मुलगी लालबागच्या एका खोलीत द्यायला माणसे तयार असत, कारण गिरणीचा पगार होता. १९८२ च्या संपानंतर गिरणीवाला मुलगा नको झाला. आता वीस गुंठे हरितगृह असलेला नको, पुण्या-मुंबईत महिन्याचा पगार हवा. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तर तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक हसले. त्या मोर्चातल्यांचे म्हणणे होते की गर्भातच मुली मारल्या गेल्या, त्याचे हे फळ. गावात सोनोग्राफीच्या कायद्याचा फलक लावणाऱ्या आपण सर्वांनी ते मनावर घ्यायला हवे होते. आणि मुलीकडचेही निव्वळ चुकतात असे मला म्हणवत नाही. ज्या धंद्याचा पैसा वर्षातल्या चार दिवसांवर टांगलेला, त्या घरात मुलगी देताना बाप विचार करणारच.

यंदा त्या बाप-लेकांनी निम्म्याच गाद्या फेब्रुवारीसाठी धरायच्या ठरवल्या आहेत, त्याही तीन टप्प्यांत. उरलेल्या निम्म्या लग्नसराईला. बांधाच्या कडेला दहा गुंठे मोगरा लावला आहे, गजऱ्यासाठी. दादरला माल घेऊन आता मुलगाच जातो, रात्री नऊच्या टेंपोने.