हेडलाइटमधील प्लास्टिकचा मागोवा

सन १९४० च्या मॉडेलांपासून अमेरिकेतील मोटारींत काच, परावर्तक आणि तंतू एकाच बंदिस्त पात्रात सामावलेला, सात इंच व्यासाचा ‘सील्ड बीम’ दिवा रूढ झाला, आणि कायद्याचे पाठबळ लाभल्यामुळे चार दशके त्याचा अंमल निर्वेध चालला. तंतू तुटला की अख्खा दिवाच फेकावा लागे, ही गोष्ट निराळी. फोर्ड कंपनीच्या अर्जावरून १९८३ मध्ये बदलता येणाऱ्या बल्बच्या दिव्यांना मंजुरी मिळाली आणि १९८४ च्या लिंकन मार्क सेव्हनबरोबर पॉलिकार्बोनेटची काच रस्त्यावर आली. युरोपने प्लास्टिकच्या काचेला मुभा देण्यास आणखी सुमारे दशकभर घेतले.

१९५३ मध्ये जर्मनीत हर्मन श्नेल आणि अमेरिकेत डॅनियल फॉक्स यांनी परस्परांच्या नकळत सिद्ध केलेला पॉलिकार्बोनेट हा पदार्थ वजनाने काचेच्या निम्म्याहून हलका, खडा लागला तरी सहसा न फुटणारा. मात्र ओरखड्यांपुढे दुबळा आणि अतिनील किरणांनी पिवळा पडणारा, म्हणून त्यावर कठीण लेपाचे कवच अपरिहार्य ठरले.

लोकांच्या नजरेत भरली ती ही काच. परंतु पदार्थनिवडीची खरी कसोटी, माझ्या मते, आतल्या परावर्तकापाशीच लागली. दीडशे अंश सेल्सिअसच्या सुमारास मऊ पडणारे साधे पॉलिकार्बोनेट हॅलोजन बल्बच्या निकट तग धरीना, आणि परावर्तक यत्किंचित वाकला तरी झोत समोरच्याच्या डोळ्यांत जायचा. म्हणून पत्र्याची जागा पॉलिएस्टर राळ, चुनखडीची भुकटी व काचतंतू यांच्या कणकेसारख्या मिश्रणाने, म्हणजे बीएमसीने, घेतली. साच्यात एकदा पक्के झाले की ते उष्णतेने वितळत नाही. पण अॅल्युमिनियमचा मुलामा चढवण्यापूर्वी त्यावर लाखेचा हात द्यावा लागतो, आणि आत काही बाष्पशील अंश उरला असेल तर दिवा तापताच तो उडून थंड काचेच्या आतल्या बाजूस पांढुरका थर धरतो. पॉलिइथरइमाइड दोनशे अंशांच्या आसपासही ताठ राहते व त्यावर मुलामा थेट बसतो, तरी किमतीपायी ते निवडक दिव्यांतच शिरले.

२००७ च्या सुमारास लेक्सस एलएस ६००एच या मोटारीत एलईडीने मंद झोताचा कारभार हाती घेतला, तेव्हा उष्णता झोताबरोबर पुढे न जाता चिपच्या पाठीशी साठू लागली. परावर्तकाचा जाच हलका झाला आणि भार अॅल्युमिनियमच्या हीट सिंकवर पडला. काच मात्र अद्याप पॉलिकार्बोनेटचीच आहे. ती पिवळी पडल्यावर घासून लख्ख करून देणारे पुष्कळ भेटतात. परंतु घासताना मूळ लेपही निघून जातो, तेव्हा वाचकहो, अतिनील किरणांना अडवणारा नवा लेप चढवून घेतल्याखेरीज पैसे चुकते करू नका.