पेढीची वही आणि चव्हाटा

धान्याच्या घाऊक व्यापारात ज्यांची हयात गेली, त्यांना गुप्ततेचे महत्त्व सांगावयास नको. जुन्या पेढ्यांवरील रोजमेळ व खतावणी मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिली जात असे. महाजनीस काना-मात्रा नसत. ‘काकाजी अजमेर गये’ हे ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची कथा आपणांपैकी बहुतेकांनी बालपणी ऐकली असेल. परंतु तीच लिपी परक्या नजरेपासून पेढीचे रक्षण करी. कोणाकडे किती येणे आहे, कोणाच्या घरी लग्नासाठी उचल गेली, हे मुनीम मरेतोवर पोटात ठेवी.

सर्वच गुप्तता पवित्र होती असे मात्र माझे म्हणणे नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची जी पद्धत बाजारात होती, तिच्यात शेतकऱ्यास आपल्याच मालाचा भाव कळत नसे. नियंत्रित बाजार व उघडा लिलाव आला आणि ती मोडली, हे योग्यच झाले. भाव उघडा असावा, घर झाकलेले असावे.

हल्ली नेमके उलट चालले आहे. १९ ऑगस्ट २०१४ रोजी, तेलंगण राज्य अवघे अडीच महिन्यांचे असता, सरकारने एका दिवसात समग्र कुटुंब सर्वेक्षण केले. आम्ही आदिलाबादकर त्या दिवशी घरी बसून होतो. बँकेच्या खात्याचा प्रश्न निघताच आमच्या गल्लीत अनेकांच्या कपाळास आठ्या पडल्या. मीही उत्तर टाळले. तेच आम्ही आज फोनवर कोणी मागेल त्या कागदाचे छायाचित्र बिनदिक्कत पाठवितो. कुटुंब यात्रेस निघाले की स्टेशनावरील चित्र स्टेटसला लागते, म्हणजे घरास कुलूप असल्याची दवंडीच! गुप्तदान हा शब्द आपल्या समाजात आदराने उच्चारला जातो. आता पावतीचे छायाचित्र आधी ग्रुपवर येते आणि रक्कम मागाहून पोहोचते. हा विनोद नव्हे, मी पाहिले आहे.

परंतु दुसऱ्यांस काय बोलावे? सन २०२३ मध्ये माझ्या धाकट्या कन्येच्या विवाहासाठी मी स्वहस्ते परिचयपत्रक तयार केले. जन्मवेळ, उंची, शिक्षण, घराचा पत्ता, दुकानाची उलाढाल, तिचा मोबाईल क्रमांक आणि दोन छायाचित्रे, काहीच वगळले नाही. ते मी समाजाच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकले. तेथून ते नांदेड, यवतमाळ, हैदराबाद असे कोठे कोठे गेले, याचा हिशेब कोणत्याही खतावणीत निघणार नाही. सहा महिन्यांत सोयरीक जुळली, साखरपुडा झाला. तरी अनोळखी माणसांचे फोन वर्षभर येत राहिले. पुढे कोणी तिच्या छायाचित्रावर खोटे खाते उघडून आप्तांकडे पैसे मागू लागला. व्याह्यांचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. कन्या एवढेच म्हणाली, “बाबा, फोटो पाठवण्याआधी मला एकदा विचारलं होतं का तुम्ही?”

मी विचारले नव्हते. गिऱ्हाइकाचा उधारीचा आकडा मी चाळीस वर्षांत कोणास सांगितला नाही, आणि पोटच्या मुलीचे पान चव्हाट्यावर मांडले.

अशा वेळी काय करावे, ते त्या प्रसंगाने शिकविले. आर्थिक फसवणूक असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. दुसऱ्याचे सोंग घेतलेले किंवा बनावट छायाचित्राचे खाते असल्यास पीडित व्यक्तीने स्वतः त्या कंपनीकडे तक्रार करावी. त्या वेळी २०२१ च्या नियमांप्रमाणे कंपनीने असा मजकूर चोवीस तासांत हटविण्यासाठी पावले उचलावयाची असत. खाते बंद झाले. ग्रुपांतून फिरणारे पत्रक मात्र कोणासही परत बोलाविता आले नाही.

कायदाही हळूहळू जागा होत आहे. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निर्णय दिला की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कंपनीने माहिती घेताना कारण सांगून संमती घ्यावी, हे त्याचे मुख्य सूत्र. व्हॉट्सअॅपने २०२१ मध्ये ‘अटी मान्य करा, नाहीतर जा’ असा पवित्रा घेतला, त्याबद्दल स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तिच्या मालक कंपनीस २१३ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. वजन-मापात दाम न घेता माल देणारा दुकानदार आपली कमाई कोठून काढतो, हे व्यापाऱ्यास तरी कळावयास हवे.

तथापि व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीस हा २०२३ चा कायदा लागू नाही. म्हणजे बापाने मुलीस विचारावे, ही गोष्ट संसदेने बापावरच सोडली आहे.

यंदा पुतण्याचे परिचयपत्रक निघाले. पत्ता, जन्मवेळ व क्रमांक त्यात नव्हता. चौकशीसाठी फक्त माझा क्रमांक होता. मी कागद त्याच्या हाती दिला. त्याने शांतपणे वाचला आणि पेन मागून आणखी दोन ओळी खोडल्या. त्यांतील एक मीच घातलेली, दुकानाच्या उलाढालीची होती.