पोर्तुगाल, इंग्लंड, हॉलंड... आणि व्हिसा नको! घरगुती मुक्कामांची किनारी रोड ट्रिप

ज्यांना लोकलच्या गर्दीत इअरफोन लावायला जागा मिळाली नाही, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. ऐकण्यापेक्षा वाचणं बरं, कारण आज गावांची नावं भरपूर आहेत आणि ती मॅपवर शोधावी लागणार आहेत.

मुलुंडच्या एका श्रोतीने विचारलं होतं: "युरोपात गाडी भाड्याने घेऊन चार-पाच देश फिरायचे, हॉटेलात नाही तर छोट्या घरगुती ठिकाणी राहायचं. जमेल का?" जमतं. शेंगेन व्हिसाची फी मोठ्यांसाठी ९० युरो, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, आणि गाडी चालवायची तर अंधेरी किंवा बोरिवलीसारख्या आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना. हा परवाना जास्तीत जास्त एक वर्ष चालतो. त्यावर विमानाचं तिकीट, गाडीचं भाडं, टोल. पहिल्या-दुसऱ्या नोकरीच्या पगारात हे गणित बहुतेकांचं बसत नाही.

मग मी उलटा विचार केला. अशा ट्रिपमधून आपल्याला नक्की काय हवं असतं? सीमा ओलांडली की भाषा बदलते, ताटातलं जेवण बदलतं, रात्री कुणाच्या तरी घरातल्या खोलीत झोपायचं आणि सकाळी त्या घरच्या बाईशी गप्पा मारत न्याहारी करायची. हे सगळं मुंबईहून सुटणाऱ्या एका रस्त्यावर आहे, रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गावर. शिवाय वाटेत खरोखरचा युरोपही लागतो. आम्ही चौघं सात रात्रींत हा रस्ता करून आलो.

सुरुवात: घाटकोपर ते पोर्तुगाल

पूर्व उपनगरातून निघालात तर ईस्टर्न फ्रीवेने भाऊचा धक्का गाठा. अंधेरी-बोरिवलीकरांनी सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोडने फ्रीवेला यायचं. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट आहे, २०२० पासून. गाडी बोटीत चढवायची, वर जाऊन वारा खायचा आणि साधारण तासाभरात पलीकडे उतरायचं. बोट नको असेल तर जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू आहेच.

अलिबागहून चौल आणि रेवदंडा. इथं आपण पोर्तुगालमध्ये शिरतो. रेवदंड्याच्या जुन्या तटबंदीतूनच रस्ता जातो. कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला आहे. १७४० पर्यंत हे पोर्तुगीजांचं ठाणं होतं. पोर्तुगीज गेले, पण कोर्लई गावातल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली एक बोली आजही घरात बोलली जाते. बोलणारे अगदी थोडे. पण विचार करा, ज्या भाषेच्या मुळाशी लिस्बन आहे ती भाषा अलिबागपासून तासाभराच्या अंतरावर ऐकू येते!

रेवदंड्याला आणखी एका युरोपियनाचं स्मारक आहे, अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याचं. वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी तो चौलला उतरला आणि परत जाताना दाभोळहून जहाजात बसला. इथल्या उताऱ्याच्या जागी पाहुण्यांचा स्वयंपाक बायका करतात, हे त्याने लिहून ठेवलंय. म्हणजे आपल्या 'घरगुती राहण्या-जेवणाची सोय' या पाटीला साडेपाचशे वर्षांचा साक्षीदार आहे.

खाडी म्हणजेच सीमा

शेंगेन देशांत सीमा कधी ओलांडली ते बहुतेक वेळा कळतही नाही. मोबाईलवर नव्या नेटवर्कचा मेसेज येतो तेवढंच. आपल्याकडे मात्र खाडी आली की थांबावंच लागतं. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, अशा चार फेरीबोटी या वाटेवर लागतात. दाभोळची फेरी २००३ मध्ये सुरू झाली. गाडी रिव्हर्समध्ये चढवताना पहिल्या वेळी घाम फुटतो, पण बोटीवरची माणसं हात दाखवत बरोबर लावून घेतात.

या सीमा नुसत्या गमतीने म्हणत नाहीये. अलिबागकडे आंग्र्यांचं कुलाबा संस्थान होतं, ते १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केलं. मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन हा सिद्दीच्या जंजिरा संस्थानाचा मुलूख, तो १९४८ मध्ये भारतात विलीन झाला. बागमांडल्याहून फेरीने पलीकडे गेलं की बाणकोट. १७५६ च्या तहाने ते इंग्रजांकडे गेलं आणि किल्ल्याचं नाव त्यांनी फोर्ट व्हिक्टोरिया ठेवलं. आणि अगदी दक्षिणेला वेंगुर्ल्यात डचांची वखार आहे, सतराव्या शतकातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवायला डचांना ही जागा सोयीची होती. आज तिथं पडक्या भिंती उरल्यात. बघायला दहा मिनिटं पुरतात, पण तिच्यासमोर उभं राहिल्यावर आपल्या ट्रिपचा नकाशा पूर्ण झाल्यासारखा वाटतो.

बोलीही बदलत जाते. रायगडात आगरी कानावर येते, रत्नागिरीत संगमेश्वरी, आणि देवगड ओलांडलं की मालवणी. ताटाचंही तसंच. वरच्या भागात तांदळाची भाकरी, मग गुहागरकडे उकडीचे मोदक आणि घावने, खाली मालवणात कोंबडी-वडे.

घरगुती मुक्काम चालतो कसा?

फ्रान्समध्ये घरातल्या खोल्या पाहुण्यांना द्यायच्या तर जास्तीत जास्त ५ खोल्या आणि १५ पाहुणे ही मर्यादा आहे. आपल्या केंद्र सरकारच्या निवास-न्याहारी योजनेत ६ खोल्यांपर्यंत परवानगी आहे आणि मालकाने त्याच घरात राहायला हवं. ही शेवटची अट महत्त्वाची. मालक घरात राहतो म्हणूनच ते घर असतं, नाहीतर छोटं हॉटेलच.

कोकणात याचा अर्थ असा: पुढे अंगण, मागे वाडी, बाजूला बांधलेल्या तीन-चार खोल्या, आणि स्वयंपाक घरच्याच चुलीवर नाहीतर गॅसवर. इथं मेनू कार्ड नसतं. सकाळी फोन करून सांगायचं, "काकू, आम्ही चौघं, रात्री जेवायला, दोघं शाकाहारी." मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. कारण मासळी सकाळीच बाजारातून येते, नारळ आधी खवावा लागतो, तांदळाची उकड वेळेवर काढावी लागते. तुम्ही रात्री साडेनऊला पोचून "काय मिळेल?" विचारलंत तर त्या घरातली चूल कधीच थंड झालेली असते.

दिवेआगरला आम्ही ज्या मावशींकडे राहिलो, त्यांच्या वाडीत उंच झाडं कमी आणि कमरेएवढी रोपं जास्त दिसली. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात, श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला लागलं. नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारी लावल्यापासून हाताशी पीक यायला पाच-सात वर्षं लागतात. मावशी म्हणाल्या, "सुपारी वर्षाचं बघायची आणि खोल्या वरखर्चाचं. वादळानंतर खोल्यांवरच सगळं आलं. त्यात कोरोना, म्हणजे खोल्याही रिकाम्या."

मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली. शनिवारी आठ जणांचं बुकिंग, आठ जणांचं जेवण सांगितलेलं. पापलेट आणलं, मोदक केले. सात वाजता फोन: "आम्ही दुसरीकडे थांबतोय, स्विमिंग पूलवालं मिळालं." मोठ्या हॉटेलला असं एक बुकिंग गेलं तर कळणारही नाही. तीन खोल्यांच्या घरात मात्र त्या शनिवारची सगळी कमाई जाते, वर मासळीचे पैसे अंगावर पडतात. म्हणून आता काही घरं निम्मे पैसे आधी मागतात. ते मागितले तर राग मानू नका.

वेळासचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाचं. बाणकोटजवळच्या या गावात चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपायचं काम सुरू केलं. पुढे पिल्लं समुद्रात सोडताना बघायला लोक येऊ लागले आणि गावकऱ्यांनी त्यांना आपल्याच घरात उतरवलं. साधारण फेब्रुवारी अखेर ते एप्रिल हा काळ. झोपायला पडवीत गादी, जेवायला घरचं. ज्या अंड्यांची आधी चोरी व्हायची, त्यांचं रक्षण केलं तर घरात चार पैसे येतात, हे गावाला पटलं.

जाण्याआधी लक्षात ठेवा

एक: शेवटची फेरी कितीला ते त्याच दिवशी विचारा. दाभोळची फेरी चुकली तर समोर दिसणाऱ्या धोपाव्याला जायला खेड-चिपळूणवरून शंभराहून जास्त किलोमीटरचा वळसा पडतो.

दोन: रोज १०० किलोमीटरच्या वर जाऊ नका. रस्ता अरुंद, वळणाचा, कुठे खड्ड्यांचा. आमचे मुक्काम मुरूड, दिवेआगर, आंजर्ले, गुहागर, मालगुंड, देवगड आणि वेंगुर्ला असे होते. शेवटचे टप्पे मोठे पडले, एक रात्र वाढवता आली तर उत्तम.

तीन: खोलीचे पैसे यूपीआयने घेतात, पण नेटवर्क प्रत्येक वाडीत नसतं. थोडी रोकड ठेवा. आधार कार्ड सगळ्यांचं लागतं. मुलं-मुली एकत्र जाणार असाल तर फोनवरच स्पष्ट सांगा. काही घरं नाही म्हणतात, आणि ते दारात कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

चार: ॲपवर खोली सापडली तरी पुढच्या वेळी थेट फोन करा. मधलं कमिशन वाचतं आणि जेवणाचं बोलणंही नीट होतं.

हे असंच राहणार का?

नाही. सागरी महामार्गावरच्या खाड्यांवर पूल बांधायचं काम एमएसआरडीसीने हाती घेतलंय. गावातल्या माणसासाठी हे चांगलंच आहे. रात्री पेशंटला दवाखान्यात न्यायचं असेल तर फेरीची वाट बघत बसणं काय असतं, ते खाडीकाठच्या माणसालाच ठाऊक. पूल हवेतच. पण पूल झाले की आपण शहरातली माणसं सुसाट निघू आणि संध्याकाळी एकदम मालवणात उतरू. मधल्या गावांत थांबायचं कारण आपल्याला स्वतःच शोधावं लागेल. युरोपातही महामार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरच्या खाणावळी तिथंच टिकल्या, जिथं लोक मुद्दाम वळून आले.

म्हणून सात दिवसांची सुट्टी नसेल तर तीन दिवसांची आखा: मांडवा, कोर्लई, दिवेआगर, हरिहरेश्वर, फेरीने बाणकोट, वेळास आणि परत. म्हणजे पोर्तुगाल ते इंग्लंड, दोन मुक्काम. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून किती ताटं ते सांगा, आणि सांगितलीत तेवढी माणसं घेऊन पोचा. तुमच्या माहितीतलं एखादं घर असेल तर मालकांना विचारून आम्हाला कळवा. भेटू पुढच्या भागात!