दिल्लीच्या घरातील पिरान्हा : निवड व संगोपन

दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यात राहणाऱ्या लाल पोटाच्या पिरान्ह्याचे शास्त्रीय वर्णन रुडोल्फ क्नेर या प्राणिशास्त्रज्ञाने 1858 साली प्रथम केले. ब्राझीलमध्ये अनेक वर्षे नमुने गोळा करणाऱ्या योहान नाटरेर या ऑस्ट्रियन निसर्गसंशोधकाचे नाव त्याने या जातीस दिले. परंतु जगात या माशाची ख्याती, किंबहुना कुख्याती, पसरली ती अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्या 1914 सालच्या प्रवासवर्णनामुळे. जगातील सर्वांत क्रूर मासा असे त्यात त्याचे चित्र रंगविलेले होते. दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबाद येथील एखादा हौशी माणूस पिरान्हा मागतो तो बहुधा याच कीर्तीमुळे. दुकानातून त्याच्या हाती काय पडते, हा मात्र वेगळा प्रश्न आहे.

आपल्या देशात पिरान्हा म्हणून विकली जाणारी बरीचशी पिल्ले वस्तुतः पाकू या माशाची असतात. लाल पोटाचा पाकू या शतकाच्या आरंभी बांगलादेशातून बंगालमध्ये आला आणि तळ्यांत वाढविला जाऊ लागला. मासळीबाजारात तो रूपचंद या नावाने विकला जातो. पिरान्हा व पाकू ही एकाच कुळातील भावंडे. चार-पाच सेंटिमीटर लांबीच्या वयात दोघांचेही अंग रुपेरी व ठिपकेदार असते आणि पोटाशी तांबूस छटा असते. रंगावरून निवड करणारा हमखास फसतो. पाहावयाचे ते तोंड. पिरान्ह्याचा खालचा जबडा पुढे आलेला असतो आणि त्याचे त्रिकोणी, धारदार दात एका ओळीत एकमेकांत बसतात. पाकूचा खालचा जबडा असा पुढे येत नाही. पुरात बुडालेल्या अरण्यातील फळे व कठीण बिया फोडून खाणारा हा मासा असल्यामुळे त्याचे दात माणसाच्या दाढांसारखे बोथट असतात.

हा भेद केवळ नावापुरता नाही. लाल पोटाचा पिरान्हा साधारणपणे वीस ते पंचवीस सेंटिमीटर वाढतो. पाकू पाऊण मीटरहून लांब व वीस किलोंहून जड होऊ शकतो. अशा माशास पुरेल अशी टाकी सामान्य घरात मावत नाही. दोन फुटी टाकीत ठेवलेला पाकू तिच्या मापाने लहान राहील, ही समजूत चुकीची आहे. त्याची वाढ खुंटते ती दूषित पाण्याने व कोंडमाऱ्याने.

मासा खरोखरच पिरान्हा असेल, तर तो कायदेशीर मार्गाने देशात आल्याचा कागद विक्रेत्याजवळ पाहावा. परदेशी जिवंत मासे केंद्र शासनाच्या परवान्यावाचून आणता येत नाहीत. कागद नसल्यास व्यवहार तेथेच संपवावा.

आता संख्येचा प्रश्न. एकच पिरान्हा ठेवावा की अनेक? याचे उत्तर ब्राझीलमधील मामिराउआ येथे झालेल्या एका अभ्यासातून मिळते. एल्डेर केइरोझ व ॲन मॅगुरन यांनी 2005 साली असे दाखविले की, आठांच्या थव्यातील पिरान्हे दोघांच्या गटातील पिरान्ह्यांपेक्षा संथ श्वास घेतात. कृत्रिम हल्ल्यानंतरही मोठा थवा लवकर शांत होतो. पिरान्ह्यांचा थवा शिकारीसाठी जमतो अशी लोकांची कल्पना आहे. परंतु सुसरींचे भाऊबंद केमन, नदीतील डॉल्फिन व मोठे मासे हे पिरान्ह्यांस खातात, आणि थवा हे त्यांच्यापासून बचावाचे साधन होय. रूझवेल्टच्या क्रूर राक्षसाला घाबरट म्हणणे विचित्र वाटेल, पण एकटा पिरान्हा काचेवर टिचकी मारताच कोपऱ्यात दडतो.

तेव्हा पाच-सहा मासे, सारख्या आकाराचे व एकाच वेळी आणलेले, असा बेत असावा. मागाहून सोडलेल्या लहान माशाचे पर कुरतडले जातात. यासाठी 150 सेंटिमीटर लांब, 60 सेंटिमीटर रुंद व तितकीच उंच टाकी लागते. तीत सुमारे 540 लिटर पाणी मावते, म्हणजे पाण्याचेच वजन अर्ध्या टनाहून अधिक! वरच्या मजल्यावरील सदनिकेत ती ठेवण्यापूर्वी जमिनीच्या भारक्षमतेची चौकशी करावी.

मासे आणण्याआधी टाकी चार ते सहा आठवडे चालवावी लागते. माशांच्या कल्ल्यांतून व कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया निघतो, आणि तो विषारी असतो. गाळणीत वस्ती करणारे सूक्ष्मजंतू त्याचे नायट्राइट व नायट्राइटचे पुढे नायट्रेट करतात. नायट्राइटही घातकच. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलून काढता येते. या जंतूंची वस्ती जमण्यापूर्वी मासे सोडल्यास ते आपल्याच उत्सर्जनाने मरतात. मांसाहारी माशांच्या टाकीत हा धोका विशेष मोठा. माशांचे तुकडे, कोळंबी किंवा गांडुळे बेताने द्यावीत आणि उरलेले अन्न पंधरा-वीस मिनिटांत काढावे. जिवंत गोल्डफिश देऊ नये, कारण त्यासोबत रोग येतात. शिवाय गोल्डफिशच्या शरीरातील एक द्रव्य ब-1 जीवनसत्त्वाचा नाश करते.

दिल्लीचे हवामान ही आणखी एक अडचण. पिरान्ह्यास 24 ते 28 अंश सेल्सिअस तापमान मानवते. जानेवारीत तापकाशिवाय पाणी फार थंड होते. जूनमध्ये उलट संकट येते. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर 35 अंशांच्या पाण्यात केवळ 7 मिलिग्रॅम. याच दिवसांत वीज गेली तर हवेचा पंप व गाळणी दोन्ही बंद पडतात. विजेरीवर चालणारा पंप जवळ असणे म्हणूनच आवश्यक आहे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने नाहीसे करावे. कूपनलिकेचे पाणी अनेक भागांत कठीण व खारट असते, तर पिरान्हा मृदू पाण्यातला. ते तपासल्यावाचून वापरू नये.

इतका व्याप ज्यास झेपणार नाही, त्याने त्याच कुळातील सिल्व्हर डॉलर हा शाकाहारी, शांत मासा पाळावा. तो सुमारे पंधरा सेंटिमीटरच वाढतो आणि त्याचा थवा दिसायलाही देखणा असतो.

नको झालेला मासा यमुनेत, नजफगढच्या नाल्यात किंवा गावतळ्यात सोडणे हे मात्र कोणीही करू नये. 2018 साली केरळात महापूर आला तेव्हा पाळलेले परदेशी मासे बांधलेल्या पाण्यातून निसटून नद्यांत पोहोचले. थंडीने ते मरतील असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मासा विक्रेत्यास परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या पालकास द्यावा. रूपचंद बाजारात खाल्ला जातो म्हणून टाकीतला पाकू स्वयंपाकघरात नेऊ नये, कारण टाकीत घातलेली औषधे माणसाच्या अन्नासाठी नसतात.