वसतिगृहांतील एक प्रार्थना

अजिंठ्याचीं लेणीं पाहावयास जाणारे फर्दापुरास उतरतात. तेथून खानदेशची हद्द जवळच आहे. १९४८ पर्यंत ती केवळ जिल्ह्याची हद्द नव्हती. अलीकडे निजामाचें राज्य होतें, पलीकडे ब्रिटिश मुलूख. अलीकडच्या मराठी मुलानें पुढील शिक्षणासाठीं औरंगाबादचें इंटरमीजिएट कॉलेज गांठावें, तों तेथें उस्मानिया विद्यापीठाचा उर्दू अभ्यासक्रम!

याच कॉलेजच्या वसतिगृहांतील मुलें १९३८ च्या सुमारास आपल्या प्रार्थनेंत ‘वंदे मातरम्’ म्हणूं लागलीं. अधिकाऱ्यांच्या दृष्टीनें तें गीत राजकीय होतें. नोव्हेंबरांत मनाई झाली. मुलांनीं संप केला, लोण हैदराबादेस पोहोंचलें, आणि शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून कमी झालीं. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरु श्री. केदार यांनीं त्यांस आश्रय दिला, म्हणून त्यांचें शिक्षण वांचलें. पुढें पंतप्रधान झालेले नरसिंहराव हे त्यांतलेच एक.

या गीतावरील आक्षेप केवळ निजामशाहीचा होता, असें मात्र म्हणतां येत नाहीं. त्यांतील देवीच्या वर्णनास मुसलमानांची हरकत असल्यामुळें काँग्रेसच्या कार्यकारिणीनेंच १९३७ सालीं पहिलीं दोन कडवीं तेवढीं गाण्याचें ठरविलें होतें. परंतु दुसऱ्यावर गीत लादणें निराळें, आणि गाणाऱ्याचें तोंड बंद करणें निराळें.

याची उलट बाजू १९८५ सालीं केरळांत दिसली. यहोवा-साक्षी पंथाचीं तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत. धर्म आड येतो म्हणून गात मात्र नसत. शाळेनें त्यांस काढून टाकलें. १९८६ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. भाषणस्वातंत्र्यांत मौनाचाही समावेश होतो, असा त्या निकालाचा आशय आहे. औरंगाबादेस मुलें गाण्याबद्दल शिक्षा भोगीत होतीं, येथें न गाण्याबद्दल! आपणांस पहिल्यांचा कैवार सहज येतो. दुसऱ्यांचा घ्यावयास मन अंमळ मागें सरतें, हें कबूल केलेलें बरें.

आपल्यापैकीं पुष्कळ गृहस्थ शाळांच्या चालक मंडळांवर आहेत. तेथील प्रार्थना आपल्या घरच्या देवघरांतीलच असल्यानें तिच्यांत कोणास कांहीं खुपेल, हें मनांतही येत नाहीं. परंतु घटनेचें २८ वें कलम सांगतें कीं, सरकारमान्य अथवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत धार्मिक शिक्षणास वा उपासनेस मुलानें हजर राहावें, तर पालकाची संमति हवी. शाळेच्या प्रवेशपत्रावर तिच्यासाठीं रकाना मात्र माझ्या पाहण्यांत आलेला नाहीं.