यंत्र गुण देते. निकाल कोणी लावायचा?

कृत्रिम बुद्धिमत्ता आरोग्यसेवेत आणावी की नाही, असे विचारले की बहुधा दोन टोकांची उत्तरे मिळतात. काहींच्या मते यंत्र डॉक्टरांइतकेच अचूक आहे, तेव्हा ते खुशाल आणावे. काहींना माणसाच्या जिवाचा प्रश्न यंत्रावर सोपवणे मुळीच मान्य नसते. दोन्ही उत्तरांत एक गोष्ट मात्र राहून जाते. हे यंत्र कोठे, कोणासाठी आणि कशासाठी वापरायचे आहे? याचा विचार करण्यासाठी आपण क्षयरोगाचे उदाहरण घेऊ.

भारतात २०१९ ते २०२१ या काळात राष्ट्रीय क्षयरोग पाहणी झाली. १५ वर्षे व त्यापुढील वयाच्या दर लाख लोकांमागे सुमारे ३१६ जणांना फुफ्फुसाचा क्षयरोग असल्याचे जंतूंच्या तपासणीतून दिसले. यांतील शंभरात सुमारे ४३ जण नुसती लक्षणे विचारून सापडले नसते. छातीचा एक्स-रे काढला म्हणूनच ते सापडले. तेव्हा एक्स-रे हवाच. पण गावोगावी काढलेले हजारो एक्स-रे वाचायला तज्ज्ञ कोठून आणायचे? येथे संगणकाची मदत होऊ शकते.

संगणकाला आधी रोगी आणि निरोगी माणसांचे पुष्कळ एक्स-रे, उत्तरांसह, दाखवलेले असतात. क्षयाच्या फुफ्फुसात दिसणारे डाग, पोकळ्या यांची ठेवण तो त्यांतून ओळखायला शिकतो. मात्र नवा एक्स-रे पाहून तो ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे ठरवत नाही. तो गुण देतो, समजा ० ते १०० यांच्या दरम्यान. गुण जितके जास्त, तितकी शंका अधिक. अमुक गुणांच्या वर असलेल्यांची मग थुंकी तपासायची. गोव्यातील एका कंपनीने तयार केलेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र थुंकीतील क्षयजंतूंची जनुकीय खूण शोधते. रोगाचे निदान पक्के होते ते अशा तपासणीने.

आता ‘अमुक गुण’ म्हणजे किती? शाळेत ३५ गुणांना उत्तीर्ण म्हणायचे हे उत्तरपत्रिकेत लिहिलेले नसते, ते माणसांनी ठरवलेले असते. येथेही तसेच आहे. या मर्यादेवर काय काय अवलंबून असते ते आकड्यांनीच पाहू.

अशा प्राथमिक चाचणीने शंभर रोग्यांपैकी किमान ९० जणांना पकडावे आणि शंभर निरोग्यांपैकी किमान ७० जणांना मोकळे सोडावे, अशी अपेक्षा जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये मांडली होती. पहिल्या आकड्याला चाचणीची संवेदनक्षमता म्हणतात, दुसऱ्याला विशिष्टता. समजा, आपले यंत्र बरोबर एवढेच चांगले आहे. ते एखाद्या रुग्णालयात ठेवले. तेथे खोकला घेऊन आलेल्या १,००० जणांपैकी १०० जणांना खरोखर क्षय आहे असे धरू. यंत्र ९० रोगी पकडेल आणि ९०० निरोग्यांपैकी २७० जणांवर उगाच शंका घेईल. म्हणजे शंका घेतलेल्या दर चौघांत एक खरा रोगी.

आता हेच यंत्र घेऊन गावोगावी जाऊ आणि १०,००० लोकांना तपासू. पाहणीतल्या प्रमाणाने त्यांत सुमारे ३० रोगी असतील. यंत्र २७ पकडेल, ३ सुटतील. पण ९,९७० निरोग्यांपैकी २,९९१ जणांवर शंका येईल. एकूण ३,०१८ जणांची थुंकी तपासायची, आणि दर ११२ जणांत एक रोगी सापडायचा! यंत्र बदललेले नाही, बदलली आहे ती जागा.

एवढ्या तपासण्या परवडत नाहीत म्हणून कोणी मर्यादा वर नेली, आणि समजा संवेदनक्षमता ७० व विशिष्टता ९५ टक्के झाली, तर? शंका सुमारे ५२० जणांवरच येईल. खर्च सहाव्या हिश्शावर आला. पण आता ३० पैकी ९ रोगी सुटले, आधीपेक्षा सहा अधिक. ‘तुम्हाला काही नाही’ असे ऐकून ते घरी जातील आणि उपचाराविना घरच्यांना संसर्ग देत राहतील. उलट मर्यादा खाली ठेवली तर जवळजवळ तीन हजार निरोगी माणसांना चिंता आणि बुडालेली मजुरी सोसावी लागेल. यांतले काय पत्करायचे, हे गणित सांगत नाही. ते माणसांनी ठरवायचे असते, आणि उघडपणे ठरवायचे असते.

यंत्र सर्वांना सारखेच लागू पडते असेही नाही. बांगलादेशात ढाका येथील तपासणी केंद्रांतील २३,९५४ जणांच्या एक्स-रेवर पाच संगणकप्रणालींची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाचही प्रणाली तेथील क्ष-किरणतज्ज्ञांपेक्षा सरस ठरल्या. परंतु वयस्कर माणसांमध्ये आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांमध्ये त्या सर्वांचीच कामगिरी घसरली. जुन्या क्षयाचे व्रण बरे झाल्यावरही फुफ्फुसात राहतात, हे लक्षात घेतले म्हणजे यात नवल वाटणार नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अशा प्रणाली माणसाऐवजी वापरण्यास मान्यता दिली, ती फक्त १५ वर्षे व त्यापुढील वयासाठी. गुणांची मर्यादा आपापल्या भागात चाचणी घेऊन ठरवण्याची पद्धतही सुचवली. दुसऱ्या देशाची मर्यादा जशीच्या तशी उचलणे म्हणजे दुसऱ्याचा चष्मा आपल्या डोळ्यांवर चढवणे होय.

प्रयोगशाळेतली अचूकता दवाखान्यात टिकते का, हाही प्रश्न आहेच. मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्याला होणारी इजा ओळखणारी एक प्रणाली थायलंडमधील दवाखान्यांत वापरून पाहिली गेली. त्याची पाहणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत दिलेल्या १,८३८ चित्रांपैकी २१ टक्के चित्रे प्रणालीने पुरेशी स्पष्ट नाहीत म्हणून नाकारली. पुरेसा अंधार नसलेल्या खोलीत परिचारिकांनी ती काढलेली होती. इंटरनेट मंद असले की रांगही खोळंबत असे. प्रणाली हुशार होती, पण तिला जशी खोली हवी होती तशी दवाखान्यांत नव्हती.

म्हणून ‘यंत्र किती टक्के अचूक आहे?’ हा पहिला प्रश्न नव्हे. आम्ही संशोधक आमच्या निबंधांत तो आकडा ठळकपणे देतो, पण निर्णय घेणाऱ्याने त्याआधी विचारावे: आमच्यासारख्या लोकांवर त्याची चाचणी झाली आहे का? शंका घेतलेल्या प्रत्येकाची पुढची तपासणी होईल का, आणि रोग निघाल्यास औषध मिळेल का? सुटलेल्या रोग्यांचा हिशेब कोण ठेवणार? प्रणालीची नवी आवृत्ती आली की त्याच एक्स-रेला वेगळे गुण मिळू शकतात. तेव्हा मर्यादा पुन्हा कोण तपासणार? यांची उत्तरे तयार असतील तर यंत्र जरूर आणावे. तज्ज्ञ नसलेल्या गावात त्याने पकडलेले २७ रोगी ही लहान गोष्ट नाही. उत्तरे तयार नसतील तर आधी ती तयार करावीत.

नववी-दहावीच्या वर्गात हे करून पाहता येईल. फळ्यावर चार चौकटी आखा: पकडलेले रोगी, सुटलेले रोगी, उगाच शंका घेतलेले, योग्य तऱ्हेने मोकळे सोडलेले. रोगाचे प्रमाण, संवेदनक्षमता आणि विशिष्टता मुलांना बदलू द्या. टक्केवारीपुरते हे काम सोपे आहे. मग विचारा, मर्यादा कोठे ठेवायची आणि का? वर्गात एकमत होणार नाही. प्रत्येकाने आपले कारण चारही चौकटींतले आकडे दाखवून द्यावे, एवढाच आग्रह धरा.